आधी चव, मग नाव

आडनाव ऐकून माणसाची लायकी ठरवणाऱ्याला आपण उथळ म्हणतो. बाटलीवरचे नाव वाचून वाईनची लायकी ठरवणाऱ्याला मात्र आपण जाणकार म्हणतो. हा दुटप्पीपणा आता पुरे झाला, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

दोन मित्र एकत्र बसतात. समोर फ्रान्सहून आलेल्या दोन बाटल्या असतात. पहिला घोट घेण्यापूर्वीच प्रश्न सुरू होतात : कितीला पडली? कुठल्या मळ्यातली? कोणत्या सालातली? शंभरपैकी किती गुण मिळाले आहेत हिला? उत्तरे मिळाली की निकाल लागलेला असतो. जिभेला साक्षीसाठी बोलावले जाते ते केवळ त्या तयार निकालावर अंगठा उठवण्यासाठी. अशा बैठकीत दोन वाईनची तुलना झाली असे म्हणणे म्हणजे शब्दांची फसवणूक होय. तेथे दोन किमतींची तुलना झालेली असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : फ्रेंच वाईनची तुलना करावयाची असेल तर बाटल्या झाकून करावी, तिला गुण देऊ नयेत आणि ती एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राच्या सोबतीने करावी. नाव वाचावे ते सर्वांत शेवटी. या म्हणण्याला विरोध करणारे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मोठे नाव हीच गुणवत्तेची हमी होय. दुसरा म्हणतो, वाईनमधला फरक वगैरे सारे थोतांड आहे. हे दोन्ही पक्ष एकाच कारणाने चुकतात. दोघेही चाखण्याचे कष्ट टाळतात.

प्रथम मोठ्या नावांचा विचार करू. बोर्दो प्रांतातील ज्या प्रतिष्ठित उतरंडीपुढे जग मान तुकवते, ती १८५५ साली तयार झाली. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी बोर्दोच्या दलालांकडून तेथील उत्तम वाईनची यादी मागवण्यात आली. दलालांनी काय केले? त्यांनी चाखण्याची स्पर्धा भरवली नाही. अनेक वर्षे कोणत्या मळ्याच्या वाईनला काय भाव मिळत आला हे त्यांच्या वह्यांत नोंदलेले होते. त्या भावांच्या क्रमाने त्यांनी तांबड्या वाईनचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चार नावे आली : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (यातील लातूरचा आपल्या मराठवाड्यातील लातूरशी काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.) दलालांना मी दोष देत नाही. त्यांना बाजार ठाऊक होता आणि त्यांनी बाजार प्रामाणिकपणे मांडला. दोष आहे तो त्या भावपत्रकाला पुढे धर्मग्रंथाचे पावित्र्य देणाऱ्यांचा. दीडशेहून अधिक वर्षांत त्या यादीत म्हणण्यासारखा बदल एकच झाला : १९७३ साली मुटाँ-रॉथशिल्ड हा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेला. मधल्या काळात मालक बदलले, वेली बदलल्या, शेजारची जमीन विकत घेऊन मळ्यांच्या हद्दी वाढल्या. परंतु दर्जा मळ्याच्या नावाला चिकटलेला असल्याने तो तसाच राहिला. पणजोबाच्या परीक्षेचा निकाल दाखवून पणतू नोकरी मागू लागला तर आपण काय म्हणू?

या नावांची परीक्षा नावाशिवाय घेतली की काय होते, ते २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये दिसले. स्टीव्हन स्पुरियर नावाचा एक इंग्रज तेथे वाईनचे दुकान चालवीत असे. त्याने फ्रान्समधील नऊ मान्यवर परीक्षकांना बोलावून त्यांच्यापुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावे न सांगता ठेवल्या. पांढऱ्या वाईनमध्ये पहिला क्रमांक आला शातो माँटेलीना या कॅलिफोर्नियाच्या वाईनचा आणि तांबड्यामध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स या कॅलिफोर्नियाच्याच वाईनचा. मुटाँ-रॉथशिल्ड आणि ओ-ब्रियों या बोर्दोच्या मानकऱ्यांना खालच्या पाटावर बसावे लागले. ज्यांनी हे क्रम लावले ते अडाणी नव्हते. फ्रान्समधील वाईनव्यवहाराचे ते आधारस्तंभ होते. त्यांची जीभ जे सांगत होती ते त्या दिवशी त्यांना प्रथमच मोकळेपणाने ऐकता आले, कारण डोळ्यांपुढे लेबल नव्हते.

मात्र या घटनेचा अर्थ काही लोक भलताच लावतात. कॅलिफोर्निया जिंकला आणि फ्रान्स हरला, असे ते म्हणतात. वस्तुतः पहिल्या काही तांबड्या वाईनमधील अंतर अगदी थोड्या गुणांचे होते आणि तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच जुन्या तांबड्या वाईन पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा पहिला क्रमांक तिसऱ्याच वाईनला मिळाला. सिद्ध झाले ते एवढेच की नाव झाकले की भक्तांचा निकाल बदलतो. एवढी गोष्ट मला पुरेशी आहे.

डोळे जिभेवर किती कुरघोडी करतात, याचा पुरावा खुद्द बोर्दोच्या विद्यापीठातून आला. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाईनशास्त्राचे ५४ विद्यार्थी होते. पांढऱ्या बोर्दो वाईनमध्ये गंधहीन तांबडा रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचे वर्णन करण्यासाठी तांबड्या वाईनला लावतात तेच शब्द वापरले. ब्रोशे यांनी आणखी एका प्रयोगात एकच वाईन दोनदा दिली, एकदा साध्या टेबल वाईनच्या बाटलीतून आणि एकदा थोर दर्जाच्या बाटलीतून. थोर बाटलीतली तीच वाईन लोकांना भारदस्त व समतोल वाटली. साध्या बाटलीतली कमकुवत वाटली.

गुणांची कथा याहून वेगळी नाही. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९७८ पासून पन्नास ते शंभर अशी गुणांची पट्टी रूढ केली. हा मनुष्य मेहनती होता, कोणाचा मिंधा नव्हता. १९८२ च्या बोर्दो हंगामाची त्याने केलेली प्रशंसा गाजली. परंतु त्याच्या मागून गुणांचा जो बाजार भरला, त्यात नव्वद गुणांची वाईन उचलली जाऊ लागली आणि अठ्ठ्याऐंशीची दुकानात पडून राहू लागली. हे दोन गुण म्हणजे नेमके काय? रॉबर्ट हॉजसन या स्वतः वाईन करणाऱ्या अभ्यासकाने कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतील वाईन न सांगता तीन वेळा चाखायला दिली. २००८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या तिन्ही वेळा जवळपास सारखाच निर्णय देणारे परीक्षक शंभरात सुमारे दहाच निघाले. जो परीक्षक स्वतःशीच सहमत नाही त्याच्या दोन गुणांवर आपण पैसे लावावेत काय?

आता दुसरा पक्ष टाळ्या पिटू लागेल. “पाहा, आम्ही म्हणतच होतो! सगळ्या वाईन सारख्याच. उगाच नाके मुरडणाऱ्यांचे सोंग आहे.” या पक्षाशी माझे भांडण पहिल्याहून कडाक्याचे आहे, कारण तो आळसाला शहाणपणाचा अंगरखा घालतो. डोळ्यांनी जीभ फसते, यावरून जिभेला काही कळतच नाही असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की डोळ्यांना काही वेळ बाजूला बसवावे.

वाईनमध्ये खरा फरक असतो आणि तो मन लावून चाखणाऱ्यांनी शोधून काढला, याची साक्ष बर्गंडी प्रांत देतो. १०९८ साली तेथे सितो या ठिकाणी एक मठ स्थापन झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या सिस्टर्शियन संघाने बाराव्या शतकापासून वूझो येथे द्राक्षमळा वाढवला. पुढे त्याभोवती भिंत घातली गेली. तोच आज क्लो द वूझो म्हणून ओळखला जातो. हे मठवासी पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसत राहिले. एका वाफ्याची वाईन दुसऱ्याहून निराळी का लागते, उताराच्या मध्यावरची द्राक्षे तळाच्या ओल्या जमिनीतल्या द्राक्षांहून वेगळी का पिकतात, याची उत्तरे त्यांना कोणा दलालाच्या वहीत मिळणार नव्हती. बर्गंडीत आजही दर्जा मळेवाल्याच्या नावाला नसून जमिनीच्या तुकड्याला आहे. त्या तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

परंतु येथेही नावापुढे डोळे मिटू नयेत. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची जमीन जप्त झाली आणि पुढे तिचे तुकडे होत गेले. आज सुमारे ५० हेक्टरांच्या क्लो द वूझोला सुमारे ८० मालक आहेत. वरचा उतार असो वा रस्त्याजवळची सखल जमीन, मालक कष्टाळू असो वा निष्काळजी, सर्वांच्या बाटलीवर तेच थोर नाव आणि तोच सर्वोच्च दर्जा. मठवासीयांच्या पुण्याईवर जगणाऱ्या प्रत्येक बाटलीत मठवासीयांचे कष्ट असतीलच असे नाही.

मग दोघा मित्रांनी करावे काय? कृती सोपी आहे. एकाच गोष्टीत भिन्न असलेल्या दोन वाईन निवडाव्यात. शाब्ली आणि मर्सो या दोन्ही बर्गंडीच्या पांढऱ्या वाईन, दोन्ही शार्दोने नावाच्या एकाच द्राक्षापासून होतात. शाब्ली उत्तरेकडची, थंड हवेतली, जेथील चुनखडीत प्राचीन कालवांचे बारीक शिंपले सापडतात. मर्सो दक्षिणेकडची, बहुधा ओकच्या पिंपात मुरलेली. किंवा बोर्दोतील दोन तांबड्या घ्याव्यात : मेदोकची, जिच्यात काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा वरचष्मा असतो आणि सेंत-एमिलियोंची, जिच्यात मेर्लो द्राक्षाचा. हंगाम शक्य तितका जवळचा असावा आणि किमती फार दूरच्या नसाव्यात.

बाटल्या वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळाव्यात. एकाने ओतावे, दुसऱ्याने चाखावे. मग अदलाबदल करावी. ओतणाऱ्याने चेहरा कोरा ठेवावा. खरी कसोटी पाहायची तर तीन पेले मांडावेत, दोहोंत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखता येतो का ते पाहावे. पेले सारखे, वाईन सारखीच गार. शेजारी पाणी आणि साधा पाव. अगरबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, स्वयंपाकघरात माशाला फोडणी चाललेली नको. आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग लहानसा घोट तोंडात फिरवावा आणि बोलण्यापूर्वी प्रत्येकाने चार ओळी लिहून काढाव्यात. जो आधी बोलतो तो दुसऱ्याची जीभ बिघडवतो.

लिहिताना फ्रेंच पुस्तकांतले शब्द उसने घेऊ नयेत. ज्याने काळे करंट कधी तोंडात घातले नाही, त्याने वाईनमध्ये काळे करंट सापडल्याचे सांगणे हा निव्वळ खोटेपणा आहे. आपल्या घरात शब्दांची वाण नाही. कोकमाचा आंबटपणा, आवळ्याचा तुरटपणा, लिंबाच्या सालीचा वास, पहिल्या पावसाने भिजलेली माती, ताजे लोणी, वसईच्या सुकेळीचा मुरलेला गोडवा : हे सारे आपल्या जिभेने खरोखर अनुभवलेले आहे. माझ्या एका मित्राला शाब्ली आवडते. तिचा धारदार, जवळजवळ खारट वाटणारा आंबटपणा त्याला स्वच्छ वाटतो. मला मर्सोचा लोण्यासारखा भरदारपणा प्रिय आहे. आम्ही यावर अनेकदा तावातावाने वाद घातला आहे आणि तो मिटलेला नाही. तो मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. त्याच्या शाब्लीला एक्याण्णव आणि माझ्या मर्सोला त्र्याण्णव गुण देऊन कोणी हा वाद मिटवू लागला तर आम्हा दोघांचेही नुकसान होईल. त्याच्या हट्टामुळे मी शाब्ली पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक चाखतो. गुण वाचून कोणी पुन्हा चाखत नाही.

मित्र हवा तो यासाठीच. एकटा मनुष्य स्वतःला हवे ते पटवून घेतो. दहा जणांच्या मेजवानीत ज्याचा आवाज मोठा त्याची चव खरी ठरते. यजमानाने महागाची बाटली उघडली असता “मला ही आवडली नाही” असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? मित्राजवळ ते म्हणता येते. बाटली झाकलेली असेल तर ते म्हटल्याने कोणाचा अपमानही होत नाही, कारण मित्राने आणलेली बाटली कोणती हे चाखणाऱ्याला ठाऊकच नसते.

झाकलेल्या बाटलीचा हा न्याय आपल्याला परका नाही. गालीलातील कानाच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक होते आणि ते गप्प राहिले. कारभाऱ्याने कोणाच्याही दडपणाविना तुलना केली आणि मागाहून आलेला द्राक्षारस आधीच्याहून सरस असल्याचे वराला सांगितले. चमत्कार कोणी केला हे कळल्यावर त्याने स्तुती केली असती तर तिला साक्षीचे मोल उरले नसते. मिस्साबलिदानाच्या द्राक्षारसाविषयीही धर्मविधीचा नियम असाच साधा आहे. तो द्राक्षाचा असावा, नैसर्गिक असावा, बिघडलेला नसावा. मळ्याचे नाव आणि भाव त्यात विचारलेला नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या क्षुल्लक विषयावर एवढा आवेश कशाला? विषय क्षुल्लक नाही. नावाच्या पूजेची किंमत माणसे मोजतात. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १९४५ च्या रोमाने-काँती या बर्गंडीची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरना विकली गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी, २०२३ मध्ये, फ्रेंच सरकारला न खपणारी वाईन गाळून तिचे अल्कोहोल करण्यासाठी २० कोटी युरो बाजूला काढावे लागले आणि त्याच बोर्दो प्रांतात हजारो हेक्टरांवरच्या वेली उपटण्यासाठी अनुदान जाहीर झाले. फ्रेंच लोकांचे वाईन पिणे दोन पिढ्यांत निम्म्याहून खाली आले, हे त्यामागचे मोठे कारण खरे. परंतु वर्गवारीत नाव नसलेल्या मळेवाल्याची चांगली वाईन कोणी चाखूनच पाहिली नाही, तर त्याने कोणाच्या दारात उभे राहावे? वेली उपटाव्या लागणारे बहुतेक शेतकरी या अनामिकांपैकीच असतात. शाब्लीच्या साध्या बाटलीला किंवा ल्वार नदीकाठच्या मस्काडेला न्याय मिळायचा असेल तर तो झाकलेल्या बाटलीच्याच न्यायालयात मिळेल.

नावापुढे जीभ गहाण टाकणाऱ्यांना लुटणेही सोपे असते. रुडी कुर्नियावान नावाच्या इसमाने अमेरिकेत लक्षाधीश शौकिनांना वर्षानुवर्षे बनावट बर्गंडी विकली. २०१३ साली तो दोषी ठरला आणि पुढील वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो उघडा पडण्यास कारण झाले ते लोराँ पोंसो हे बर्गंडीचे मळेवाले. पोंसो घराण्याने क्लो सें-द्नी ही वाईन १९८२ पासून करायला सुरुवात केली, आणि २००८ च्या लिलावात त्यांच्या नावाने त्याच वाईनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या मांडल्या होत्या! लेबलच खोटे होते म्हणून चोरी पकडली गेली. लेबलावरचे साल नीट लिहिले असते तर किती जणांच्या जिभेने ती पकडली असती?

शेवटचा आक्षेप घरातला आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपण पाहिली आहेत. मग वाईनचे कौतुक कशासाठी? जो घेत नाही त्याने हा लेख वाचून घ्यायला लागावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. न घेणाऱ्याचा निर्धार मला वंदनीय आहे. परंतु पारखणे आणि पिणे या निराळ्या गोष्टी होत. फ्रान्समधील व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात फिरवून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात. दोघा मित्रांना तुलनेसाठी पाव पेला पुरतो. उरलेले घरातल्या मोठ्यांच्या जेवणाला वाटून द्यावे. विमानतळावरून आणलेली नामांकित बाटली वर्षानुवर्षे शोकेसच्या दिव्याखाली तापत ठेवायची आणि बिघडल्यावर ती पाहुण्यांच्या गळी उतरवायची, यात ना संयम आहे ना रसिकता. तेथे वाईनचा उपयोग घराची ऐपत टांगण्यासाठी होतो.

नावाचा मी द्वेष करीत नाही. कागद सोडल्यावर, बाटली शाब्लीची निघाल्यावर, त्या थंड उतारांची आणि चुनखडीतल्या शिंपल्यांची हकिकत वाचण्यात मोठा आनंद आहे. त्या नावामागे शेकडो वर्षांचे शेतकऱ्यांचे श्रम असतात. मात्र तो आदर चाखून झाल्यावर द्यावा, म्हणजे तो कमावलेला आदर ठरेल. तेव्हा वाचकहो, यापुढे कोणी फ्रेंच बाटली अभिमानाने तुमच्या हातात दिली तर किंमत विचारू नका. शेजारच्या दुकानातून दुसरी एखादी साधी बाटली आणा, दोन्हींना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि तुमच्या तोंडावर खरे बोलणाऱ्या मित्राला बोलावून घ्या.